नवी मूव्हमेंट आधी कुठल्या घड्याळात येते आणि कुठल्यात नंतर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यांत्रिक घड्याळांच्या नादी लागलेल्या माणसाला कधी ना कधी एक प्रश्न छळतोच. कंपनीकडे नवी, जास्त चालणारी, जास्त अचूक मूव्हमेंट तयार आहे, ती शेजारच्या मॉडेलमध्ये बसवलेलीही आहे, मग मला हव्या असलेल्या घड्याळात अजून जुनीच का? गेल्या काही वर्षांत मी या वेळापत्रकांचा पाठपुरावा करतो आहे आणि लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींत संपतात.

मूव्हमेंट आणि कॅलिबर हे एकच का?

बोलताना एकच. मूव्हमेंट म्हणजे घड्याळाच्या आतली सगळी यंत्रणा: मेनस्प्रिंग (शक्ती साठवणारी मुख्य स्प्रिंग), चाकांची साखळी, एस्केपमेंट (ती शक्ती ठोक्याठोक्याने सोडणारा भाग), बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून ठेका धरणारे चाक). कॅलिबर म्हणजे त्या यंत्रणेच्या विशिष्ट रचनेला कंपनीने दिलेला क्रमांक. रोलेक्सचे ३२३५, ओमेगाचे ३८६१, पाटेक फिलिपचे ३०-२५५. काही कंपन्यांच्या क्रमांकात माहिती दडलेली असते. पाटेकच्या ३०-२५५ मधले २५५ म्हणजे जाडी, २.५५ मिलिमीटर.

नवी मूव्हमेंट तयार झाली की सगळ्या मॉडेलांत एकाच वर्षी का येत नाही?

कारण मूव्हमेंटचा आराखडा तयार होणे आणि ती लाखोंच्या संख्येने बनू लागणे यांत वर्षांचे अंतर असते. प्रयोगशाळेत शंभर नमुने उत्तम चालतात. पण तेच सुटे भाग रोज हजारोंनी, मायक्रॉनच्या हिशेबात एकसारखे काढायचे तर यंत्रे नवी लागतात, साचे नवे लागतात आणि बिघाड कुठे येतो हे कळायला वेळ लागतो. त्या काळात जुन्या मूव्हमेंटची साखळी बंद करून चालत नाही. दोन्ही साखळ्या एकाच वेळी चालवायच्या आणि हळूहळू एकीचा भार दुसरीवर टाकायचा, असा तो मामला असतो.

दुसरी बाजू दुरुस्तीची. जगभरच्या सर्व्हिस सेंटरमधल्या घड्याळजींना नवी रचना उघडायला, तेल कुठे किती घालायचे ते समजायला, नेमके कुठले अवजार लागते ते शिकायला वेळ द्यावा लागतो. प्रत्येक केंद्रात सुट्या भागांचा साठा हवा. विकले गेलेले घड्याळ काही वर्षांत सर्व्हिसिंगला परत येते, तेव्हा ते उघडणारा माणूस तयार असायला हवा. ही तयारी कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही, पण मला वाटते वेळापत्रक खरे ती ठरवते.

तिसरी बाजू घड्याळाच्या अंगाची. मूव्हमेंट जरा जाड झाली की केस, म्हणजे घड्याळाचे बाहेरचे कवच, जाड होते. तारखेच्या चाकाची जागा सरकली की डायलवरची खिडकी सरकते. डायल मूव्हमेंटवर बसवायचे बारीक पाय दुसरीकडे गेले की जुने डायल निरुपयोगी. त्यामुळे नवी मूव्हमेंट म्हणजे बहुतेक वेळा नवे घड्याळच, आणि एका कंपनीला एका वर्षात अशी किती घड्याळे नव्याने घडवता येतील याला मर्यादा आहे.

मग पहिला मान कोणाला मिळतो?

साधारण तीन वाटा आहेत.

पहिली वाट मौल्यवान धातूच्या, कमी संख्येने बनणाऱ्या घड्याळांची. रोलेक्सने २०१५ मध्ये कॅलिबर ३२५५ आणले ते डे-डेट ४० मध्ये, म्हणजे फक्त सोन्यात आणि प्लॅटिनममध्ये बनणाऱ्या घड्याळात. त्याच वर्षी ३२३५ आले ते पर्लमास्टर ३९ मध्ये. पुढे सबमरीनरमध्ये, सी-ड्वेलरमध्ये, पाण्याखाली शेकडो मीटर जाणाऱ्या घड्याळांत जी यंत्रणा बसणार होती, तिची सुरुवात रत्नजडित दागिन्यासारख्या घड्याळात झाली. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला विचित्र वाटले होते. पण संख्या कमी, म्हणून जोखीम कमी. एखादा दोष निघालाच तर परत बोलवायची घड्याळे मोजकी.

दुसरी वाट मर्यादित आवृत्तीची. ग्रँड सायकोच्या ९एसए५ इतके स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही. २०२० मध्ये, ब्रँडच्या साठाव्या वर्षी, हे कॅलिबर आधी सोन्याच्या १०० घड्याळांत आले. त्याच वर्षी स्टीलच्या १००० घड्याळांत. २०२१ मध्ये भूर्ज वृक्षाच्या सालीसारखे डायल असलेल्या, नेहमीच्या विक्रीतल्या घड्याळात. शंभर, हजार, मग खुले. दर पायरीवर संख्या वाढत गेली. ओमेगानेही असेच केले. ३८६१ आधी २०१९ मध्ये अपोलो ११ च्या पन्नासाव्या वर्षाच्या खास स्पीडमास्टरमध्ये बसवले आणि जानेवारी २०२१ मध्ये रोजच्या स्पीडमास्टरमध्ये, म्हणजे मूनवॉचमध्ये, आणले.

तिसरी वाट म्हणजे नव्या मूव्हमेंटसाठी नवी मालिकाच उभी करणे. कार्तियेने १८४७ एमसी हे कॅलिबर २०१५ मध्ये क्ले दे कार्तिये या नव्या घड्याळात आणले. २०१८ मध्ये तेच सांतोसमध्ये गेले. क्ले मागे पडले, मूव्हमेंट मात्र कंपनीच्या सर्वात जुन्या आणि लाडक्या मालिकेत घट्ट रुजली. ओदमार्स पिगेने ४४०१ हे क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले) कॅलिबर २०१९ मध्ये कोड ११.५९ या नव्या मालिकेत दाखवले आणि मग रॉयल ओक ऑफशोर व रॉयल ओककडे नेले.

रोलेक्सच्या ३२०० मालिकेचा प्रवास वर्षवार सांगाल का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आधी जुन्याचा मान. कॅलिबर ३१३५ हे १९८८ मध्ये आले. तासाला २८,८०० ठोके, सुमारे ४८ तासांचा पॉवर रिझर्व्ह (पूर्ण चावी दिल्यावर चालत राहण्याचा काळ). तीन दशके ते डेटजस्ट, सबमरीनर, सी-ड्वेलर, यॉट-मास्टर अशा घड्याळांचा कणा होते. इतकी तावून सुलाखून निघालेली मूव्हमेंट बदलायची म्हणजे मोठी जबाबदारी.

२०१५ मध्ये या मालिकेतले ३२५५ आणि ३२३५ आले, वर सांगितले तसे. २०१६ मध्ये डेटजस्ट ४१, तेही आधी स्टील आणि सोने मिळून बनलेल्या रूपात. निव्वळ स्टीलच्या डेटजस्ट ४१ ला २०१७ पर्यंत थांबावे लागले. २०१७ मध्येच सी-ड्वेलरच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त ४३ मिलिमीटरची नवी सी-ड्वेलर, ३२३५ सह. २०१८ मध्ये डेटजस्ट ३६ आणि डीपसी. त्याच वर्षी जीएमटी-मास्टर २ मध्ये ३२८५ आले, निळ्या-लाल बेझलच्या (काचेभोवतीच्या कड्याच्या) स्टीलच्या घड्याळासकट. २०१९ मध्ये यॉट-मास्टर ४० आणि ४२, शिवाय डे-डेट ३६ ला ३२५५. मग १ सप्टेंबर २०२० रोजी सबमरीनर. तारखेवाल्याला ३२३५, बिनतारखेच्याला नवे ३२३०. एरवी ही घोषणा वसंत ऋतूत झाली असती, महासाथीमुळे पुढे गेली. ऑइस्टर पर्पेच्युअलच्या ३६ आणि ४१ मिलिमीटरच्या घड्याळांना त्याच दिवशी ३२३० मिळाले. २०२१ मध्ये एक्सप्लोरर आणि एक्सप्लोरर २. २०२२ मध्ये एअर-किंग.

एकूण सात वर्षे. एका कुटुंबातली चार भावंडे ओळखून ठेवा: ३२३० फक्त वेळ दाखवते, ३२३५ तारीखही, ३२५५ तारीख आणि वार, ३२८५ दुसरा टाइम झोन. पाया एकच, वरचे मजले वेगळे.

सबमरीनरसारख्या लाडक्या घड्याळाला शेवटी का ठेवतात? उलट आधी द्यायला नको का?

ग्राहक म्हणून माझ्याही मनात आधी हेच यायचे. आता उलटे वाटते. जे घड्याळ सर्वात जास्त खपते, त्यातच चूक सर्वात महाग पडते. सबमरीनरपर्यंत पोचेस्तोवर ३२३५ पाच वर्षे लोकांच्या मनगटावर चालून झाले होते. सर्व्हिस सेंटरना ते परिचयाचे झाले होते, कारखान्यात उत्पादनाचा वेग आला होता. शेवटी आलेल्याला जेवण गार मिळते ही आपली समजूत इथे लागू पडत नाही. शेवटी आलेल्याला सगळ्यात मुरलेले पान मिळते.

यात धंद्याचा हिशेबही आहेच, तो लपवण्यात अर्थ नाही. ज्या घड्याळासाठी लोक आधीच रांगेत उभे आहेत, त्याला नव्या कारणाची घाई नसते. ज्याच्याकडे लक्ष वेधायचे आहे, त्याला नवी मूव्हमेंट उपयोगी पडते.

ओमेगाचा सीमास्टर डायव्हर ३००एम हेच सांगतो. कंपनीने स्वतः मुळापासून रचलेले को-ॲक्सियल (कमी घर्षणाच्या एस्केपमेंटचे, त्याबद्दल पुढे) कॅलिबर ८५०० हे २००७ मध्ये डी व्हिल अवर व्हिजनमध्ये आले. डायव्हर ३००एम मात्र २०१८ मध्ये ८८०० मिळेपर्यंत जुन्या २५०० वरच चालला. अकरा वर्षे!

मूव्हमेंट बदलली की घड्याळ दिसायला बदलते का?

बहुधा हो, आणि कधी कधी चाहत्यांना ते आवडत नाही. डायव्हर ३००एमचेच घ्या. २०१८ मध्ये केस ४१ वरून ४२ मिलिमीटर झाली आणि तारीख ३ च्या जागेवरून ६ वर गेली. ओमेगाच्याच प्लॅनेट ओशनमध्ये ८५०० बसले तेव्हा घड्याळ आधीपेक्षा जाड झाले. दोन मेनस्प्रिंग बॅरल आणि मोठी यंत्रणा कुठेतरी मावायला हवी. रोलेक्सच्या एक्सप्लोररचे उलटे झाले. २०२१ मध्ये नवे ३२३० आले आणि घड्याळ ३९ वरून परत ३६ मिलिमीटरवर आले. ते मात्र मूव्हमेंटच्या गरजेमुळे नव्हे. ३६ हे एक्सप्लोररचे मूळ माप, आणि नव्या पिढीच्या निमित्ताने कंपनी तिथे परतली.

माझ्या मते सर्वात सुंदर उदाहरण ओदमार्स पिगेच्या रॉयल ओक जंबोचे आहे. १९७२ पासून त्या घड्याळात २१२१ हे अतिशय सपाट कॅलिबर होते. जाडी ३.०५ मिलिमीटर, सुमारे ४० तासांचा रिझर्व्ह, तासाला १९,८०० ठोके. घड्याळाचे सगळे सौंदर्य त्याच्या पातळपणात. २०२२ मध्ये, रॉयल ओकच्या पन्नासाव्या वर्षी, ७१२१ आले. ठोके २८,८०० झाले, रिझर्व्ह ५५ तासांवर गेला, मूव्हमेंटची जाडी ३.२ मिलिमीटर झाली. तरी केसची जाडी ८.१ मिलिमीटरच राहिली, व्यासही ३९ च. आतले सगळे बदलून बाहेरचे काहीच बदलू द्यायचे नाही, याला जी कारागिरी लागते ती मोठ्या डिझाइन बदलापेक्षा कठीण आहे असे मला मनापासून वाटते. पन्नास वर्षांनी आतला गाभा बदलला आणि मनगटावर ते लक्षातही येत नाही.

एकाच क्रमांकाखाली गुपचूप बदल होतात का?

होतात आणि भरपूर होतात. ओमेगाचे २५०० हे त्याचे पाठ्यपुस्तकच म्हणावे. इंग्लिश घड्याळकार जॉर्ज डॅनियल्स यांनी शोधलेले को-ॲक्सियल एस्केपमेंट ओमेगाने १९९९ मध्ये बाजारात आणले, ईटीएच्या २८९२ या प्रचलित मूव्हमेंटचा पाया घेऊन. नेहमीच्या एस्केपमेंटमध्ये दातांवर घर्षण होते, म्हणून तेल लागते आणि ते तेल कालांतराने बिघडते. डॅनियल्स यांच्या रचनेत ढकलण्याची क्रिया अशी होते की घर्षण फार कमी होते. कल्पना उत्कृष्ट. पण वेगळ्या हेतूने रचलेल्या मूव्हमेंटमध्ये ती बसवताना अडचणी आल्या. मग २५०० च्या ए, बी, सी, डी अशा आवृत्त्या निघत गेल्या. सी मध्ये ठोके २८,८०० वरून २५,२०० वर आणले गेले. डी मध्ये को-ॲक्सियल चाक दोनऐवजी तीन पातळ्यांचे झाले. घड्याळाच्या डायलवर यातले काहीही लिहिलेले नव्हते.

रोलेक्सचे ३१३५ सुद्धा १९८८ मध्ये जसे होते तसे शेवटपर्यंत राहिले नाही. चुंबकत्वाला आणि धक्क्यांना जास्त दाद न देणारी निळी पॅराक्रोम (रोलेक्सच्या खास मिश्रधातूची) हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, त्यात नंतर आली, क्रमांक मात्र तोच राहिला. म्हणून "अमुक कॅलिबर चांगले की वाईट" असे सरसकट विचारण्यापेक्षा, ते कुठल्या वर्षीचे, हे विचारणे जास्त शहाणपणाचे.

माझ्या घड्याळात कुठली मूव्हमेंट आहे हे मागचे झाकण न उघडता कसे ओळखू?

रेफरन्स क्रमांक, म्हणजे कंपनीने मॉडेलला दिलेला क्रमांक, पाहा. रोलेक्सच्या सहा आकडी क्रमांकात बऱ्याच मॉडेलांमध्ये ११६ ची जागा १२६ ने घेतली की पिढी बदलली असे समजावे. सबमरीनर डेट ११६६१० मध्ये ३१३५, १२६६१० मध्ये ३२३५. दुसरी खूण डायलच्या तळाशी असते. नव्या पिढीच्या घड्याळांत "स्विस" आणि "मेड" या शब्दांमध्ये छोटा मुकुट असतो. भिंग लागते, पण एकदा दिसला की विसरत नाही.

एक सावधगिरी. पुढचा आकडा वाढला म्हणजे दर वेळी मूव्हमेंट बदललीच असे नाही. डीपसी २०१८ मध्ये १२६६६० होती, २०२२ मध्ये १३६६६० झाली, आतले कॅलिबर दोन्हींत ३२३५ च.

इतर कंपन्यांच्या बाबतीत कागदपत्रांवरचा कॅलिबर क्रमांक हाच खात्रीचा आधार. पाठीमागे काच असेल तर प्रश्नच मिटला, क्रमांक मूव्हमेंटवरच कोरलेला दिसतो.

नव्या मूव्हमेंटमुळे वापरणाऱ्याला नेमके काय मिळते?

सर्वात आधी जाणवतो तो पॉवर रिझर्व्ह. ४८ तासांचे घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी उतरवून ठेवले तर रविवारी संध्याकाळी थांबते. सोमवारी सकाळी पुन्हा चावी द्या, काटे लावा, तारीख लावा. सुमारे ७० तासांचे घड्याळ सोमवारी सकाळी चालतच असते. रोलेक्सच्या ३२०० मालिकेत हे दोन गोष्टींनी साधले. क्रोनर्जी हे नवे एस्केपमेंट आले, ज्यात चाक जाळीदार करून हलके केले आहे. कंपनीच्या सांगण्यानुसार त्याची कार्यक्षमता १५ टक्क्यांनी वाढली. शिवाय मेनस्प्रिंगच्या डब्याच्या भिंती पातळ केल्या, म्हणजे त्याच जागेत जास्त लांब स्प्रिंग मावली. आयडब्ल्यूसीच्या मार्क २० मध्ये, २०२२ पासून, रिझर्व्ह १२० तासांचा आहे. पाच दिवस ठेवून द्या, चालत राहील.

दुसरी गोष्ट चुंबकत्व. फोन, स्पीकर, पिशव्यांची चुंबकी बटणे, सगळीकडे चुंबक आहेत आणि हेअरस्प्रिंग चुंबकित झाली की घड्याळ पळू लागते. ओमेगाने २०१३ मध्ये १५,००० गॉसला (गॉस हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) न जुमानणारी मूव्हमेंट अक्वा टेरामध्ये दाखवली. २०१५ मध्ये ग्लोबमास्टरपासून तिला स्वित्झर्लंडच्या मेटास या मापनसंस्थेच्या चाचण्यांची जोड दिली: दहा दिवस, आठ चाचण्या, दिवसाला शून्य ते अधिक ५ सेकंदांची मर्यादा. ओमेगाच्या घड्याळांमध्ये हे पसरत पसरत मूनवॉचपर्यंत यायला सहा वर्षे लागली.

तिसरी अचूकता. कॉस्क या स्विस चाचणीसंस्थेचा क्रोनोमीटर (प्रमाणित अचूक घड्याळ) निकष दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंद. रोलेक्सने २०१५ मध्ये डे-डेट ४० पासून स्वतःचा निकष केसमध्ये बसवलेल्या घड्याळासाठी उणे २ ते अधिक २ केला.

खरे सांगायचे तर मनगटावर असलेल्या माणसाला यातला पहिला फायदा रोज कळतो, दुसरा कधीतरी, आणि तिसरा फक्त जो रोज मोजतो त्याला.

पहिल्याच वर्षी नवी मूव्हमेंट असलेले घड्याळ घ्यावे की थांबावे?

मी स्वतः थांबतो. दोन वर्षे थांबले तर काहीही बिघडत नाही आणि कारखान्याला सुरुवातीच्या अडचणी निस्तरायला वेळ मिळतो. एकदा मी घाई केली होती. अगदी नव्या कॅलिबरचे घड्याळ, हाती आल्यावर दोन महिन्यांत दिवसाला दहा-बारा सेकंद मागे पडू लागले. वॉरंटीत दुरुस्त झाले, पण सर्व्हिस सेंटरमध्ये सुटा भाग यायला चार महिने लागले. घड्याळावर राग नव्हता, ते आता छान चालते. पण ते चार महिने डोळ्यांसमोर पेटी रिकामी दिसायची, आणि तेव्हा कळले की नव्या मूव्हमेंटच्या मागे उभी असणारी दुरुस्तीची फळी किती महत्त्वाची असते.

अर्थात ज्याला त्या क्षणाचा भाग व्हायचे आहे, पहिल्या तुकडीतले घड्याळ जपायचे आहे, त्याने जरूर घ्यावे. मोठ्या कंपन्यांची वॉरंटी पाच वर्षांची असते, रोलेक्स आणि ओमेगा दोन्हींची.

मग जुन्या मूव्हमेंटचे शेवटचे घड्याळ घेणे मूर्खपणाचे का?

मुळीच नाही. शेवटच्या वर्षीचे ३१३५ हे बत्तीस वर्षांच्या सुधारणांचे फळ आहे. त्याचे भाग सर्वांना माहीत आहेत, ते उघडणारे घड्याळजी असंख्य आहेत. स्पीडमास्टरचे १९६८ पासूनचे ८६१ आणि त्यातून निघालेले १८६१ अर्ध्या शतकाहून जास्त चालले; त्यांच्या दुरुस्तीची चिंता करण्याचे कारण नाही. ज्याला ४८ तास पुरतात त्याने बिनधास्त घ्यावे.

सर्व्हिसिंगच्या वेळी जुन्या घड्याळात नवी मूव्हमेंट बसवून मिळेल का?

नाही. सर्व्हिसमध्ये त्याच कॅलिबरचे भाग बदलले जातात, पिढी बदलली जात नाही. डायल, काटे, केस सगळे त्या मूव्हमेंटच्या मापाने घडवलेले असते.

काही मॉडेलांना नवी मूव्हमेंट कधीच मिळत नाही, हे खरे का?

खरे आहे. रोलेक्सच्या मिलगॉसचे चाहते वर्षानुवर्षे वाट पाहत होते. चुंबकत्वाशी लढण्यासाठी जन्मलेले घड्याळ, वीजेच्या आकाराचा नारिंगी सेकंद काटा, हिरवट काच. त्याच्याशी ३१३१ हे कॅलिबर वाटून घेणाऱ्या एअर-किंगला २०२२ मध्ये ३२३० मिळाले तेव्हा सगळ्यांना वाटले, आता पुढची पाळी मिलगॉसची. २०२३ मध्ये ते उत्पादनातूनच काढून टाकले. मला आजही ते लागते. एखाद्या घड्याळाची पाळी फार लांबली की त्याचा अर्थ कधी कधी असाही निघतो.

एकच मूव्हमेंट वेगवेगळ्या ब्रँडच्या घड्याळांत असते का?

असते, आणि यात लाजण्यासारखे काही नाही. दीर्घ काळ स्विस घड्याळांचा मोठा वर्ग ईटीएच्या मूव्हमेंटवर उभा होता. ईटीए ही स्वॉच ग्रुपची कंपनी. २००२ मध्ये ग्रुपने बाहेरच्या कंपन्यांना अर्धवट जोडलेल्या मूव्हमेंट देणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे जाहीर केले. स्विस स्पर्धा आयोग मध्ये पडला, मुदती लांबल्या, पण संदेश सर्वांपर्यंत पोचला: स्वतःची सोय बघा. नंतरच्या वर्षांत आलेल्या "स्वतःच्या" मूव्हमेंटच्या लाटेला हे मोठे कारण आहे. ब्राइटलिंगचे बी०१ हे २००९ मध्ये क्रोनोमॅटमध्ये आले. टुडरची पहिली स्वतःची मूव्हमेंट २०१५ मध्ये नॉर्थ फ्लॅगमध्ये आणि पेलागोसमध्ये. खपाच्या ब्लॅक बेला ती २०१६ मध्ये मिळाली. क्रम इथेही तोच.

२०१७ मध्ये या दोघांनी देवाणघेवाण केली. टुडरच्या ब्लॅक बे क्रोनोमध्ये बी०१ वर आधारलेले कॅलिबर, ब्राइटलिंगच्या सुपरओशन हेरिटेज २ मध्ये टुडरचे. टुडरच्या मूव्हमेंट बनवणाऱ्या केनिसी या कंपनीत शनेलचाही वाटा आहे आणि २०१९ पासून शनेलच्या जे१२ मध्ये तिथली मूव्हमेंट आहे.

सिलिकॉनचे भाग सगळ्यांत यायला इतकी वर्षे का लागली?

सिलिकॉन चुंबकत्व जाणत नाही, हलके आहे, तेलाशिवाय सरकते. पण ते वाकवून आकार देता येत नाही, तुटते, आणि घड्याळजीला ते जुन्या सवयीने चिमट्यात धरून सारखे करता येत नाही. म्हणून सगळे सावध होते. युलिस नार्दिनच्या फ्रीकमध्ये २००१ मध्ये सिलिकॉनचे एस्केपमेंट आले. पाटेकने २००५ मध्ये सिलिकॉनचे एस्केप व्हील (एस्केपमेंटचे चाक) असलेली ॲन्युअल कॅलेंडर (वर्षातून एकदाच तारीख दुरुस्त करावी लागणारी) घड्याळे फक्त १०० काढली, पुढच्या वर्षी स्पायरोमॅक्स हेअरस्प्रिंग ३०० घड्याळांत, मग ती हळूहळू नेहमीच्या संग्रहात. रोलेक्सने २०१४ मध्ये सायलॉक्सी ही सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणली ती छोट्या, स्त्रियांच्या घड्याळांच्या २२३६ मध्ये. ३२०० मालिकेत मात्र पॅराक्रोमच ठेवली. एकाच घरात दोन मते वर्षानुवर्षे शेजारी नांदली.

यानंतर काय येईल?

रोलेक्सने २०२५ मध्ये लँड-ड्वेलर हे नवे घड्याळ आणले. आत ७१३५, तासाला ३६,००० ठोके, सुमारे ६६ तासांचा रिझर्व्ह, सायलॉक्सी हेअरस्प्रिंग आणि डायनापल्स हे पूर्णपणे नवे एस्केपमेंट, ज्यात दोन चाके आळीपाळीने बॅलन्सला गती देतात. पुन्हा तिसरीच वाट: नव्या मूव्हमेंटसाठी नवी मालिका. त्यामुळे डायनापल्स सबमरीनरमध्ये कधी, असे लोक आताच विचारू लागले आहेत. ३२३५ ला पर्लमास्टरपासून सबमरीनरपर्यंत यायला पाच वर्षे लागली होती, आणि तिचे एस्केपमेंट नेहमीच्याच स्विस लिव्हरची सुधारलेली आवृत्ती होती. डायनापल्स त्याहून बरीच दूरची उडी आहे. मी तरी आधी डेटजस्टकडे नजर ठेवून आहे.